दोन मुठी मीठ

अगं, तुला जाऊन आज बत्तीस दिवस झाले. मी मोजतो. मोजण्याशिवाय मला दुसरं येतं तरी काय? अडतीस वर्षं सोलापूरच्या मार्केट यार्डात तोलार म्हणून काढली. ज्वारीची, तुरीची, शेंगांची पोती काट्यावर घेतली आणि आकडा पुकारला. घरी आलो तरी आवाज तसाच निघायचा, मग तू म्हणायचीस, "हितं पुकारू नगा. हितं म्या मोजती." आता घर गप्प आहे आणि मोजायचं काम माझ्याकडे आलंय.

लोक येतात, बसतात. चांगलं मरण आलं म्हणतात, झोपेत गेली, कुणाला पाणी मागितलं नाही. मी मान हलवतो. तुझ्याबद्दल चार चांगले शब्द बोलतात, मी तेही ऐकून घेतो. पण मला त्यांच्याशी काही बोलायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय, आणि तेही गोड नाही. तू गेलीस तेव्हा वैशाली तुझ्यावर रुसलेली होती. आपली एकुलती एक लेक, पुण्याहून दर रविवारी तुला तासतासभर फोन करणारी, शेवटचे दोन महिने तुझ्याशी धड बोलली नव्हती. तुमच्या दोघींच्या मध्ये हे कुणी आणलं ते मला आता कळलंय. ते तुला सांगायला म्हणून हे कागद घेऊन बसलोय.

सुरुवात तुला आठवत असेलच. गेल्या पावसाळ्यात वैशाली फोनवर म्हणाली, "आई, तुझ्या शेंगाचटणीचं प्रमाण सांग ना. मी लिहून घेते."

"लिवायचं काय त्यात? चार मापटी शेंगदाणं, भाजायचं, टरफल काडायचं. दोन वाट्या तिखट, दोन वाट्या लसूण, दोन मुठी मीठ, वाईच जिरं. उखळात कांडायचं, त्याल सुटूस्तवर."

"माझ्याकडे मापटं नाही आई. आणि वाटी कुठली? माझ्या घरात चार आकाराच्या वाट्या आहेत. मूठ कुणाची? वाईच म्हणजे किती? ग्रॅममध्ये सांग."

तू माझ्याकडे बघितलंस, मदत मागितल्यासारखं. आणि मी, अडतीस वर्षांचा तोलार, खुशीत येऊन म्हणालो, "मी देतो तुला ग्रॅममध्ये. तुझ्या आईचं सगळं स्वयंपाकघर तोलून देतो."

आपलं हे जुनंच भांडण होतं. तू मापाची आणि मी वजनाचा. मी म्हणायचो, माप म्हणजे फसवाफसवी. मापटं ठोकून भरलं तर वेगळं, सैल भरलं तर वेगळं. नवी शेंग ओली असते, ती मापात तेवढीच बसते पण जड भरते. तीच शेंग उन्हाळ्यात हलकी होते. काट्यावर सगळं उघडं पडतं. तू भाकरी थापता थापता ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मी ह्या घरात माप वलांडून आले, काटा वलांडून न्हाय आले."  लग्नात नवरीपुढे तांदळाचं माप ठेवतात, वजन करून कुणी ठेवत नाही, हे खरंच होतं.

पण तुझं माप फसवं नव्हतं हे मला माहीत होतं, आणि ते मी तुला कधी सांगितलं नाही. वैशालीनं ग्रॅममध्ये तोलायला पुण्याहून एक पांढरा छोटा बटणाचा काटा पाठवला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. तू भाकऱ्यांना बसली होतीस. मी परात काट्यावर ठेवली आणि म्हटलं, आता तू पीठ घाल, मी बघतो. तू डब्यातून दोन मुठी पीठ काढलंस. ब्याण्णव ग्रॅम. भाकरी झाली. पुन्हा दोन मुठी. चौऱ्याण्णव. मग एक्याण्णव. सात भाकऱ्या झाल्या आणि सातांत तीन ग्रॅमच्या वर फरक आला नाही. यार्डात हाताच्या अंदाजावर मिजास मारणारे दांडगे गडी मी पाहिलेत, पण असा हात एकाचाही नव्हता. मी उठून पाणी प्यायला गेलो. तू विचारलंस, "काय म्हणतुया तुमचा काटा?" मी म्हणालो, "ठीक आहे." ठीक आहे म्हणे. तेव्हा तोंडभरून कौतुक केलं असतं तर माझं काय गेलं असतं?

चटणीचा दिवस दसऱ्यानंतरचा. तुझा घाणा नेहमी चार मापट्यांचा असायचा, कारण निम्मी चटणी शेजारीपाजारी वाटण्यातच जायची. सकाळी दाणे भाजून झाले, तू ते सुपात घोळून पाखडलेस, आणि मी ओट्यावर काटा मांडला, वही उघडली, चष्मा लावला. दाणे काट्याबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या भांड्यात घेतले. चार मापटी भरून पंधराशे साठ ग्रॅम. मग तिखट, लसूण, मीठ, जिरं, ते सगळं तुझ्या स्टीलच्या वाटीतून. वैशालीनं फोनवर शिकवलं होतं तसं मी आधी रिकामी वाटी ठेवायचो, बटण दाबायचो, काटा शून्यावर यायचा, मग तू वाटीत घालायचीस, मी आकडा बघायचो आणि वहीत लिहायचो. तिखटाच्या दोन वाट्या, लसणाच्या दोन. मीठ तू मुठीनं घातलंस, पहिली घट्ट आणि दुसरी जरा सैल. जिरं वाटीच्या तळाला.

मध्येच तू म्हणालीस, "तुमी लईच हिसाब करताय बगा. निस्ता आकडा लिवायचा तर येवडं पुटपुटता कशाला?" मी म्हणालो, "हे बाजारातलं काम आहे, तुला कळायचं नाही." तू दुसरी इयत्ता शिकलेली, त्या काट्यावरचे इंग्रजी आकडे तुला वाचता येत नव्हते. तू हसून उखळाकडे वळलीस.

संध्याकाळी वहीचं पान फोटो काढून वैशालीला पाठवलं. शेंगदाणे १५६०, तिखट ११०, लसूण ९०, मीठ ३५, जिरं १०. खाली मी माझी सहीसुद्धा ठोकली होती, यार्डातल्या तोलपावतीवर ठोकायचो तशी. वैशालीनं अंगठा पाठवला. मी दोन दिवस तुझ्यापुढे मिरवत होतो.

दिवाळीत तिनं चटणी केली. फोन आला, "आई, चव नाही गं लागली. दाण्याचा भुगा खाल्ल्यासारखं लागतंय." तू म्हणालीस, पुन्हा कर, दाणे कमी भाजले असतील. तिनं पुन्हा केली. काट्यावर तोलून, वहीतल्या आकड्याच्या चौथ्या हिश्शानं, एकेक ग्रॅम बघून. पुन्हा तेच. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता. ती म्हणाली, "आई, तुझं काहीतरी सांगायचं राहतंय."

"न्हाय गं बाय. समदं सांगितलं की. तुज्या आप्पांनी माज्यासमोर तोललंया."

"मग चव का नाही?"

आणि मी, आरामखुर्चीत बसून पेपर वाचणारा शहाणा, मध्येच बोललो. "तुझी आई हातचं राखते गं. सुगरणींची जातच तशी. लेकीला पण पुरतं सांगत नाहीत. तोलात चूक असायची नाही, मी तोललंय."

मी हसलो. वैशाली पण हसली, पण ते हसणं उगीचचं होतं, ते फोनमधूनही कळलं. तू भाजी निवडत राहिलीस. तुला वाटलं असेल, चेष्टा आहे, विरून जाईल. मलाही तसंच वाटलं.

ते विरलं नाही, कारण त्याच्याखाली जुनं दुखणं होतं. पोरगी शाळेत होती तेव्हा तू तिला चुलीजवळ बसू द्यायची नाहीस. "तू शिक. चूल कुटं पळून जाती?" म्हणून पुस्तकाकडे ढकलायचीस. तुझ्या हातून जे निसटलं ते तिला मिळावं म्हणून तू ते केलंस, मला माहीत आहे. पण आता तिचं घर होतं, तिची लेक तिला आजीसारखी चटणी कर म्हणत होती, आणि तिला वाटलं, आईनं तेव्हाही लांब ठेवलं आणि आताही पुरतं दिलं नाही. त्यावर शिक्का माझा. तोलात चूक असायची नाही म्हणून सांगणारा तिचा बाप. मग तिनं फोन करायचा तो मला करायला सुरुवात केली. "आई कशी आहे?" विचारायची, आणि मी फोन तुझ्याकडे द्यायला लागलो की म्हणायची, "राहू दे, गडबडीत आहे." संक्रांतीला ती येते दरवर्षी. या वर्षी आली नाही. तू तिळगूळ पुण्याच्या गाडीनं ओळखीच्या माणसाकडून पाठवलास आणि त्याच्याबरोबर चटणीचा डबा. डब्याबद्दल ती काही बोलली नाही.

तुला किती लागलं असेल त्याचा अंदाज मला आता येतो. तेव्हा मी म्हणालो होतो, "तुम्ही मायलेकी बघून घ्या." मला यार्डातली शिस्त होती, दोन अडत्यांच्या भांडणात तोलारानं पडायचं नसतं.

मग ती सकाळ आली. तू चहाला उठली नाहीस. त्या सकाळीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही, लिहवत नाही.

वैशाली आली तेव्हा तू अंगणात निजवलेली होतीस. ती तुझ्या पायांना धरून बसली आणि उठेना. बायका म्हणाल्या, आईचा लळा फार होता. मला तेवढंच दिसलं नाही. तिला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तू ऐकायला नव्हतीस, हे मला दिसत होतं.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सकाळी वैशाली स्वयंपाकघरात डबे लावत होती. मला हाक मारून म्हणाली, "आप्पा, वही काढा. एकदा करून बघू. तुमच्यासमोर." मी समजलो. पोरीला जाण्याआधी बघायचं होतं, आईनं खरंच काय ठेवून घेतलं ते. मी काटा मांडला. ती म्हणाली, "आधी वहीतलं नको. आई जसं हातानं घालायची तसं मी घालते, तुम्ही तोला. मग वहीशी ताडून बघू."

तिचा हात तुझ्यासारखाच आहे, रुंद तळवा आणि आखूड बोटं. मी वाटी ठेवली, बटण दाबलं, शून्य आलं. तिनं मिठाच्या दोन मुठी घातल्या, पहिली घट्ट, दुसरी जरा सैल. तिनं कधी तरी तुला बघितलेलं असणार. काट्यावर त्रेसष्ट आले. मी पेन्सिल उचलली, पुटपुटलो आणि लिहिलं, तेहतीस.

"आप्पा, त्रेसष्ट दिसतंय. तेहतीस का लिहिलंत?"

"तीस वाटीचे. बारदान वजा." अडतीस वर्षांत एक आकडा मी असा लिहिला नाही की ज्यातून पोत्याचं वजन काढलं नव्हतं. पोत्यासकट तोलायचं, पोत्याचं बारदान वजा करायचं, मग लिहायचं. हात ते आपोआप करतो. वाटीचं वजन तीस ग्रॅम, ते मी पहिल्याच दिवशी तोलून ठेवलेलं होतं.

वैशालीनं माझ्याकडे बघितलं. "आप्पा, बटण दाबलं ना तुम्ही? वाटी आधीच वजा झाली. म्हणून तर शून्य आलं. हे त्रेसष्ट नुसतं मीठ आहे."

मी काट्याकडे बघत बसलो. तिनं वाटी उचलली, मीठ दुसऱ्या ताटलीत ओतलं, रिकामी वाटी ठेवली, बटण दाबलं, शून्य दाखवलं. पाचवीच्या पोराला दाखवावं तसं. मग माझ्या हातून वही ओढून घेऊन तिनं एकेका आकड्यात तीस मिळवले. तिखटाच्या दोन वाट्या होत्या, तिथं मी दोनदा वजा केले होते, तिनं साठ मिळवले. लसणाला साठ. मिठाला तीस. जिऱ्याला तीस, दहाचे चाळीस झाले. दाण्यांत मी काही वजा केलं नव्हतं, कारण ते प्लास्टिकचं भांडं मला काट्याचंच अंग वाटलं होतं. दाणे पुरे आणि बाकी सगळं कमी. दाण्याचा भुगा, ती म्हणाली होती तसा.

आम्ही चटणी केली. उखळात मीच कांडली, तिच्या हाताला सवय नाही. तेल सुटलं तेव्हाच वासानं कळलं. तिनं बोटावर घेऊन चाखली आणि डोळे मिटले. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "आप्पा, मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही." एवढंच. मग बॅग भरली आणि दुपारच्या गाडीनं गेली. चटणी ओट्यावर तशीच राहिली. मी तिला स्टँडवर सोडून आलो.

तुला सांगायचं होतं ते खरं तर एवढंच होतं. पण मग आणखी एक झालं.

मला राहवेना. म्हटलं, तुझी बदनामी ज्याच्या-त्याच्यापुढे केली त्याला-त्याला सांगायला पाहिजे. हातचं राखते हा विनोद मी दिवाळीभर वाटला होता, पाहुण्यांत, शेजारी, तुझ्या माहेरीसुद्धा. म्हणून वळसंगला गेलो, तुझ्या थोरल्या बहिणीकडे, इंदूअक्कांकडे. सोप्यात बसलो, चहा झाला, आणि सांगितलं. अक्का, चूक माझी होती, वाटी मी दोनदा वजा केली, तिनं काही राखलं नव्हतं.

अक्कांनी कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय दाजी."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तिनंच सांगितलं की. संक्रांतीच्या आदी आली हुती न्हवं हितं. म्हणली, तुमी बाजारला गेल्ता तवा तिनं काट्यावर वाटी ठिवली, बटाण दाबलं, दोन मुठी मीठ घातलं आन शेजारच्या सुनंला आकडा वाचाय लावला. तिनं पासष्ट वाचला. मंग वही वाचाय लावली. वहीत पस्तीस. तिला बराबर कळलं, वाटी दोन डाव गेली म्हणून."

 म्हटलं, "मग ती मला बोलली का नाही?"

"म्या बी त्येच म्हणलं. तर म्हणली, अक्का, जलमभर समदा बाजार म्हणतुया, ह्येंचा काटा चुकत न्हाय. त्येवर त्यांची मान ताट हाय. आता घरात बसल्यावर म्या त्यास्नी सांगू व्हय, तुमचं चुकलं म्हणून?"

"आणि वैशाली? तिला तरी सांगायचं होतं."

अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "म्हणली, पोरगी माज्यावर रुसली तर रुसू दे, चार दिसांनी यील माज्याकडं. आय हाय मी तिची. पण बापावरला इस्वास गेला तर त्यो कुटनं आणू?"

अगं, मला तिथंच तुझा राग आला. खोटं कशाला बोलू, फार राग आला. एवढं सोसायचं असतं का कुणी? मी उद्धट असेन, आकड्याचा गर्व असेल मला, पण तू एकदा म्हणून तर बघायचं होतंस. मी आधी वसकलो असतो, मग रात्र जायच्या आत गप्प झालो असतो, आणि सकाळी वही खोडून पुन्हा लिहिली असती. चाळीस वर्षांत एवढी तरी तुला माझी पारख व्हायला हवी होती. की झाली होती, आणि तुला ठाऊक होतं की मी ऐकणार नाही? हे तुला विचारायचं होतं. हे भांडण आता मी एकट्यानं कसं भांडू?

परतीच्या बसमध्ये राग उतरला. तुराट्या रचून ठेवलेली शेतं मागे जात होती आणि मला एकामागून एक आठवत गेलं. मी किती वेळा चुकलो असेन आणि तू किती वेळा असंच गिळलं असशील. बाहेरून घरी येताना मान ताठ ठेवून येत होतो, ती ताठ ठेवायला घरात कुणीतरी वाकत होतं. हे मला आता कळतंय आणि त्याबद्दल तुझे उपकार मानायला मला नीट शब्द येत नाहीत. बाजारात ते शब्द लागले नाहीत.

वैशालीला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. तिच्या मनावरचं ओझं हलकं होईल की दुप्पट होईल, ते कळेना. तुझी गोष्ट तू माझ्यासाठी झाकलीस, ती मी उघडी करायची का? शेवटी ठरवलं, आता कमी-जास्त काही करायचं नाही. जेवढं आहे तेवढं सांगायचं. फोन लावला आणि अक्का जे बोलल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. तू रुसवा अंगावर का घेतलास तेही. विश्वासाचं तुझं बोलणंही. "चूक माझी होती, पोरी," म्हणालो. "तुझ्या आईची नव्हती. तुझीही नव्हती." जन्मात पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर काही कोसळलं नाही.

तिनं तिकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "आप्पा, तीस ग्रॅमनं विश्वास जातो का हो कुठं? आईला एवढंही कळू नये?" आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला तर उचलला नाही. मला वाटलं, गेली. आता माझ्यावर रुसली, आणि बरोबरच आहे.

तीन दिवस फोन नाही. मी सकाळी भात लावायचो, तो दोन वेळा खायचो. ओट्यावरच्या चटणीला हात लावला नाही.

काल रविवार होता. अकराच्या सुमारास मी मागच्या दारी भांडी घासत होतो. पुढं रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फाटक वाजलं, चपला काढल्याचं ऐकू आलं, आणि मग ती दारातूनच, लहानपणी शाळेतून आल्यावर मारायची तशी, मोठ्यानं हाक मारत आत आली, "आई, मी आले गं."

मी भांडं हातात धरून तिथंच उभा राहिलो. तिलाही हाक मारल्यावर कळलं असणार, कारण पुढं आवाज आला नाही. मी आत गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खाली बसली होती आणि या वेळी रडत होती, पोटभर. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. माझे गुडघे आता वाकत नाहीत, तरी बसलो. आम्ही दोघंही तुझ्यासाठी रडलो आणि कुणी कुणाला थांबवलं नाही.

पोरगी आली गं. तू म्हणाली होतीस तशीच, तुझ्याकडेच आली. दिवस तेवढे चारापेक्षा जास्त लागले.